रिकाम्या हाताचा मास्तर

जपानच्या दक्षिणेस, तैवानच्या वाटेवर, बेटांची एक लांबलचक माळ आहे. त्या बेटांवर शेकडो वर्षे र्‍युक्यू नावाचे एक लहानसे राज्य नांदत होते. चीनच्या बादशहाला नजराणे पाठवावेत, १६०९ पासून बसलेले सात्सुमाच्या जपानी सरदाराचे जू निमूटपणे वाहावे, आणि शुरी या राजधानीतल्या टेकडीवरच्या वाड्यात आपले गाणे, नाच, मानमरातब सांभाळावेत, असा त्या राज्याचा संसार. १८७९ मध्ये जपान सरकारने हे राज्य खालसा केले. राजा शो ताई याला टोकियोस नेऊन ठेवले आणि दरबारच्या आश्रयावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेली घराणी उघडी पडली.

खालसा या शब्दाचा अर्थ आपल्या बडोद्यातील जुन्या घरांना समजावून सांगावा लागत नाही. माझे वडील दरबारचे गवई होते. दरबार गेल्यावर विद्येचे काय करायचे, हा प्रश्न मी घरातच पाहिला आणि पुढे शाळेत गाणे शिकवू लागलो तेव्हा तो माझा स्वतःचा झाला. मारामारीच्या विद्येत मला काडीचे गम्य नाही. तरीही कराटेचे थोर गुरू गिचिन फुनाकोशी यांचे चरित्र मी पुन्हा पुन्हा वाचतो, ते या एका प्रश्नासाठी.

फुनाकोशींचा जन्म शुरीत १८६८ सालचा. मूल अपुऱ्या दिवसांचे, अशक्त, वाढले आजोळी. आजोबा कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे व्यासंगी. वडील लाठीत तरबेज, गाण्यानाचण्यातही वाकबगार. पण दारूपायी त्यांनी घरची मालमत्ता घालवली. गिचिनला वैद्य व्हायचे होते आणि त्यासाठी त्याने दप्तरातली जन्माची तारीख दोन वर्षे पुढेही ढकलून घेतली. परंतु नव्या राजवटीच्या वैद्यक शाळेत डोक्यावर जुन्या रीतीचा केसांचा बुचडा चालत नसे, आणि घरच्यांना तर तो बुचडा म्हणजे गेलेल्या राज्याची शेवटची खूण. वैद्यकी राहिली. पुढे १८८८ मध्ये प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली, तेव्हा मात्र बुचडा कापावाच लागला. मुलगा तशा डोक्याने घरी आला, तेव्हा आईवडिलांच्या संतापाला सीमा राहिली नाही. पण मास्तरकी पत्करली ती तीसहून अधिक वर्षांसाठी.

दिवसा ही मास्तरकी आणि रात्री शागिर्दी. वर्गमित्राचे वडील आंको अझातो हे त्या बेटावरचे मोठे सरदार आणि हातापायांच्या विद्येतले अधिकारी पुरुष. ही विद्या तेव्हा उघड्यावर शिकवत नसत. रात्री कंदील घेऊन शिष्याने गुरूच्या अंगणात जायचे. कराटेत काता असतात, म्हणजे प्रहार आणि बचाव यांची ठरलेली, बांधलेली साखळी. आमच्याकडे बंदिश असते तशी. अझातो ओसरीवर बसून पाहत आणि तीच काता पुन्हा करायला लावीत. आठवडे, महिने तीच. तेक्की नावाच्या तीन काता बसवण्यात फुनाकोशींची दहा वर्षे गेली. गुरूच्या तोंडून स्तुतीचा शब्द क्वचितच निघे. गवई आणि पहिलवान दोघेही तालीम हा एकच शब्द वापरतात, तो उगाच नव्हे.

दुसरे गुरू आंको इतोसु. एकदा फुनाकोशी सासरच्या देवघरात पितरांना वाहायला गोड खाऊ घेऊन रात्री चालले होते. झाडीत दोघा भामट्यांनी अडवले. मास्तरांनी खाऊ त्यांच्या हाती दिला आणि पुढे चालू लागले. इतोसुंना हे कळले तेव्हा त्यांनी शाबासकी दिली, हात न उगारल्याबद्दल. अझातोंनी मात्र विचारले, की मग पितरांपुढे काय ठेवलेस? मनापासूनची प्रार्थना, हे उत्तर ऐकून तेही संतुष्ट झाले. एवढी तालीम कशासाठी होती, हे त्या रात्री शिष्याला उमगले असावे.

ही विद्या शाळेत नेण्याचे धाडस इतोसुंचे. त्यांनी लहान मुलांना पेलतील अशा सोप्या काता रचल्या, आणि १९०८ मध्ये सरकारी शिक्षण खात्याला दहा कलमांचे पत्र लिहून कराटेची बाजू मांडली. आपल्या मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढली, स्वरलिपीची पुस्तके तयार केली, त्याच जातीचे हे काम. घराण्याची विद्या फळ्यावर आली म्हणजे ती पातळ होते, असे म्हणणारे तेव्हा इथेही होते आणि तिथेही.

फुनाकोशींनी गुरूचा हा धागा पुढे नेला. १९२१ मध्ये युवराज हिरोहितो युरोपच्या वाटेवर ओकिनावाला उतरले. त्यांच्यापुढे शुरीच्या त्याच जुन्या वाड्यात फुनाकोशींनी विद्यार्थ्यांकडून प्रयोग करवला. राजा नसलेल्या राजवाड्यात, राज्य घेणाऱ्यांच्या युवराजासमोर. पुढच्याच वर्षी टोकियोत शिक्षण खात्याने व्यायामप्रकारांचे प्रदर्शन भरवले, तेथे ते चित्रांचे पट घेऊन गेले. जुदोचे जनक जिगोरो कानो यांनी आपल्या कोदोकानात त्यांचा प्रयोग ठेवला, चित्रकार होआन कोसुगी यांनी इथेच राहून शिकवा म्हणून आग्रह धरला. वय ५३. बायकोमुले गावी. मास्तर राहिले.

राहिले ते ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. रात्री पहारा, दिवसा खोल्या झाडणे, बागेची निगा, आणि उरलेल्या वेळात शिकवणी. जेवणाचे पैसे कमी पडावेत म्हणून स्वयंपाक्यालाही त्यांनी कराटे शिकवले. एकदा वर्तमानपत्राचा बातमीदार आला. अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने विचारले, फुनाकोशी गुरू कोठे आहेत? म्हाताऱ्याने त्याला थांबायला सांगितले, आत जाऊन नेटका किमोनो चढवला आणि गुरू म्हणून बाहेर आला. बातमीदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. दरबारी कलावंताच्या मुलांनी ही गोष्ट नीट वाचावी. आमच्यापैकी कित्येकांना झाडू हातात घेणे जमले नाही, आणि विद्या माळ्यावरच्या तंबोऱ्यासारखी धूळ खात पडली.

१९२३ च्या भूकंपात काही शिष्य गेले, आदल्या वर्षी निघालेल्या पुस्तकाचे छापण्याचे ठसेही नष्ट झाले. मास्तरांनी पुस्तक पुन्हा लिहून १९२५ मध्ये काढले. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचे मंडळ सुरू झाले, मग इतर विद्यापीठांत. आधी कराटे या शब्दाचा अर्थ चिनी हात असा होता. फुनाकोशींनी उच्चार तोच ठेवून अक्षर बदलले आणि अर्थ केला रिकामा हात. हत्यार नसलेला हात, हा एक अर्थ; अहंकार आणि वाईट हेतू काढून टाकलेले मन, हा दुसरा. त्यासाठी त्यांनी बौद्धांच्या हृदयसूत्रातील शून्यतेचा आधार घेतला, म्हणजे मुळात आपल्याच देशातून गेलेल्या विचाराचा. ओकिनावातील पुष्कळांना हा बदल रुचला नाही.

परंतु दार उघडले की आत कोण येईल आणि काय नेईल, हे उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही. तरुणांना दहा वर्षे तीच काता नको होती, त्यांना झुंज हवी होती. टोकियोच्या शाही विद्यापीठातील मुले अंगावर कवचे चढवून लढू लागली, तेव्हा मास्तरांनी तेथला संबंध तोडला. खुद्द त्यांचा मुलगा गिगो याने पवित्रे खोल केले, लाथा उंच नेल्या, आणि बापाची चाल घरातच बदलली. मास्तरांनी हे सारे पाहिले. पण शिकवणे थांबवले नाही.

शिष्यांनी वर्गणी काढून बांधलेली तालीमशाळा, मास्तरांच्या कविनामावरून जिचे नाव शोतोकान पडले, १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली. त्याच वर्षी गिगो क्षयाने गेला, आणि ओकिनावाच्या लढाईत शुरीचा वाडाही बेचिराख झाला. पत्नी क्यूशू बेटावर निर्वासित होऊन आली होती; तिला भेटायला ते तेथे गेले. १९४७ मध्ये तीही गेली. त्यानंतरची एक हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ऐंशीच्या घरातील या वृद्धाला टोकियोत एका माणसाने लुटण्यासाठी गाठले. मास्तरांनी वार चुकवून त्याला असा पकडला, की तो जागचा हलेना, आणि पोलिसाच्या स्वाधीन केला. नंतर मनात आले, हा बिचारा लढाईवरून परतलेला, बेकार, भुकेला असेल. त्यांना आपल्या कृत्याची लाज वाटली. तरुणपणी खाऊ देऊन वाट मोकळी करून घेतलेल्या शिष्याला म्हातारपणीच्या या विजयाचे सुख झाले नाही.

२६ एप्रिल १९५७ रोजी ते वारले. त्याच वर्षी जपानमध्ये कराटेच्या पहिल्या मोठ्या अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. त्या त्यांना पाहाव्या लागल्या नाहीत. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये कराटे आले, आणि पुरुषांच्या कातेचे सुवर्णपदक ओकिनावाच्याच र्‍यो कियुनाने मिळवले. तेथे समोर कोणी नसते. एकट्याने एक काता करायची. त्याचे घराणे फुनाकोशींचे नव्हे, तथापि एकट्याने, शांतपणे, पिढ्यांनी घासलेली चीज मांडण्याची रीत तीच.

कामाकुरा येथील एंगाकुजी मठात १९६८ मध्ये मास्तरांचे स्मारक उभारले. त्यावर त्यांचे एक सूत्र कोरले आहे, ज्याचा भाव असा, की कराटेत पहिला वार आपला नसतो. शाळेचा तास चाळीस मिनिटांचा, मुले चाळीस, त्यांतली एखादीच पुढे गाणारी. तेवढ्यासाठी विद्या उघड्यावर मांडावी का, हे वडील हयात असते तर मी त्यांना विचारले असते. फुनाकोशींनी ती मांडली, ती बदलताना पाहिली, आणि सकाळी पुन्हा अंगण झाडून शिकवायला उभे राहिले.