योहानेस ब्राम्स : सायंकाळचें संगीत

मनुष्याच्या कर्तृत्वाचा दिवस केव्हां मावळतो, हें पुष्कळदां त्याचें त्यालाहि कळत नाहीं. जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स याच्या चरित्रांत याचा एक बोधप्रद दाखला आहे. तो आम्ही आमच्या बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

ब्राम्सचा जन्म ७ मे १८३३ रोजीं हँबुर्ग शहरीं एका गरीब कुटुंबांत झाला. बाप वाद्यवृंदांत डबल बास वाजवी. आई शिवणकाम जाणणारी होती. १८५३ सालीं थोर संगीतकार रोबेर्ट शूमान यानें एक लेख लिहून या वीस वर्षांच्या तरुणाचा गौरव केला, आणि त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. १८६५ सालीं आई वारली. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत, पवित्र शास्त्रांतील वचनें स्वतः निवडून, त्यानें शोकितांचें सांत्वन करणारें आपलें ‘जर्मन रिक्वियम’ सिद्ध केलें. पुढें त्याच्या चार सिंफनींनीं त्याची कीर्ति कायम केली.

१८९० सालीं, वयाचीं सत्तावन्न वर्षें पुरीं झालीं असतां, आपलें कार्य आटोपलें असें मानून त्यानें लेखणी खालीं ठेवण्याचें ठरविलें. परंतु मार्च १८९१ मध्यें मायनिंगेन येथील दरबारी वाद्यवृंदांत रिखार्ड म्यूलफेल्ट याचें क्लॅरिओनेट त्याच्या कानीं पडलें. म्यूलफेल्ट मूळचा व्हायोलिनवादक. हें फुंकवाद्य तो आपल्या आपणच शिकला होता. ब्राम्सची कीर्ति दिगंत झाली होती, तरी या वादकापुढें श्रोता होऊन बसण्यांत त्यानें कमीपणा मानला नाहीं. त्या वाद्याचें सामर्थ्य त्यानें त्याच्याकडून जाणून घेतलें.

त्याच उन्हाळ्यांत ऑस्ट्रियांतील इशल गांवीं त्यानें दोन रचना केल्या. एक क्लॅरिओनेट व चार तंतुवाद्यें यांकरितां. दुसरी क्लॅरिओनेट, चेलो व पियानो या तिघांकरितां. या त्रयीचे चार भाग आहेत. आरंभीं चेलो एकटाच स्वर काढतो. मग क्लॅरिओनेट तेच स्वर उचलून घेतें, आणि दोन जुने स्नेही सायंकाळीं बोलत बसावे तसा संवाद चालतो. १२ डिसेंबर १८९१ रोजीं बर्लिन येथें ही त्रयी लोकांपुढें झाली, तेव्हां म्यूलफेल्टबरोबर रोबेर्ट हाउसमान चेलोवर व स्वतः ब्राम्स पियानोवर होता. १८९४ सालीं त्यानें क्लॅरिओनेट व पियानो यांकरितां आणखी दोन सोनाटा लिहिले. ३ एप्रिल १८९७ रोजीं व्हिएन्ना येथें त्याचा अंत झाला.

द्राक्षमळ्याच्या धन्यानें अकराव्या तासाला आलेल्या मजुरांसहि काम दिलें, हें आपण जाणतों. म्हणून आई-बापांस आमची विनंती आहे कीं, एखादें मूल विद्येंत मागें पडलें तर त्याची आशा सोडूं नये. आणि विद्यार्थ्यांनीं हें ध्यानीं धरावें कीं, दुसऱ्याचा गुण मोकळ्या मनानें ऐकणाऱ्याचे दिवस लवकर सरत नाहींत.