दिवा खाली ठेवल्यानंतरची फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांपुढे येते. शाळेतला धडा बहुतेक तिथेच संपायचा. पण क्रिमियाच्या युद्धावर ती होती जेमतेम पावणेदोन वर्षं. त्यानंतर ती ५४ वर्षं जगली आणि त्यातली कितीतरी वर्षं तिने अंथरुणावर काढली, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, एका श्रीमंत इंग्रज घरात तिचा जन्म झाला. रुग्णसेवा हे चांगल्या घरातल्या मुलीचं काम नव्हे, म्हणून आई आणि बहिणीने वर्षानुवर्षं विरोध केला. अखेर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. पुढच्या मे महिन्यात बालाक्लाव्हाला गेली असताना तिला जबरदस्त ताप आला. वाचते की नाही अशी अवस्था होती. घरी परत जा म्हणून लोकांनी विनवलं, पण युद्ध संपेपर्यंत ती हलली नाही.

तो ताप मात्र तिला सोडून गेला नाही. १८५६ मध्ये इंग्लंडला परतल्यावर ती लगेच सैन्याच्या आरोग्य-चौकशीच्या कामाला जुंपली आणि ऑगस्ट १८५७ मध्ये कोसळली. छातीत धडधड, झोप नाही, अन्नावर वासना नाही, प्रचंड थकवा. १८६१ नंतर पाठीचा कणा इतका दुखायचा की कित्येक वर्षं तिला उचलून एका खोलीतून दुसरीत न्यावं लागे. मध्येच बरं वाटायचं, पुन्हा दुखणं उलटायचं. आपल्याकडे संधिवाताच्या बायका सांगतात ना, चार दिवस चांगले गेले की पाचव्या दिवशी अंग धरतं, तसंच.

ती ढोंग करते, असंही काही लोक म्हणाले. (हे ऐकल्यासारखं वाटतं ना, मैत्रिणींनो?) आताचे काही अभ्यासक मानतात की तिला ब्रुसेलोसिस झाला असावा. हा आजार कच्च्या दुधातून होतो. गाय-शेळी गाभडली की वार उघड्या हाताने काढणाऱ्यांनाही होऊ शकतो. ताप लाटांसारखा येतो-जातो. त्याचा जंतू १८८७ मध्ये सापडला, म्हणजे तिच्या डॉक्टरांकडे त्यावर औषध असण्याचा प्रश्नच नव्हता.

मग तिने काय केलं? आपली ताकद किती आहे हे ओळखलं आणि ती पैशासारखी मोजून वापरली. भेटायला येणाऱ्याने आधी वेळ ठरवायची, एका वेळी एकानेच यायचं. मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही नुसतं आलो म्हणून आत सोडलं जात नसे. बोलण्याने थकवा येतो हे कळल्यावर तिने लिहिण्यावर भर दिला. घरातसुद्धा चिठ्ठ्या पाठवायची. आई आणि बहीण भेटायला आल्या की तिचा त्रास वाढायचा, म्हणून त्यांनाही लांब ठेवलं. आपल्याकडे अशा मुलीला काय काय ऐकावं लागलं असतं!

शुश्रूषेवरचं तिचं प्रसिद्ध पुस्तक १८५९ च्या अखेरीस, या आजारपणातच तयार झालं. त्यात रोग्याच्या दाराशी कुजबुजणाऱ्यांना आणि काही होत नाही म्हणून खोटा धीर देणाऱ्यांना तिने चांगलंच फैलावर घेतलंय. रोग्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसा, असंही ती सांगते. पाहुण्यांसमोर रोगी टवटवीत दिसतो, पण त्याचा हिशोब नंतर, रात्रीच्या वेळी चुकवावा लागतो, हे तिचं निरीक्षण ज्याने भोगलंय त्यालाच सुचावं.

पैसा आणि नोकरचाकर होते म्हणून तिला हे जमलं, हे खरंच आहे. वडील तिला वर्षाला पाचशे पौंड देत. चूल पेटवायची नव्हती, पाणी भरायचं नव्हतं. आणि जी काळजी तिने स्वतःची घेतली, ती दुसऱ्याची घेतली नाही. तिचे सहकारी मंत्री सिडनी हर्बर्ट मूत्रपिंडाच्या विकाराने खंगत होते, तरी काम सोडू नका म्हणून ती त्यांच्यामागे लागली. १८६१ मध्ये ते गेले. मला तिच्या चरित्रातला हा भाग वाचवत नाही.

पडल्या पडल्या तिने केलेलं काम थक्क करणारं आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. हिंदुस्थानातल्या छावण्यांतून मागवलेल्या माहितीचे ढीग तिने अंथरुणावर वाचले, त्यावर १८६३ मध्ये अहवाल आला. दुष्काळ, पाटबंधारे, खेड्यांची स्वच्छता यावर ती लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. या देशात मात्र ती कधीच आली नाही.

साठीनंतर दुखणं बरंच हटलं. माणसं भेटू लागली, भाचरं घरी येऊ लागली. शेवटी दृष्टी गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, झोपेतच ती गेली. तिचा जन्मदिवस, १२ मे, परिचारिका दिन म्हणून आपल्याला माहीत आहे. कायमच्या थकव्याच्या आजाराने ग्रासलेले जगभरचे रोगीही १९९० च्या दशकापासून हाच दिवस आपला म्हणून पाळतात.