रंगस्वामी नरसिंहन

१९५५ च्या सुमारास डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबई येथे, काही तरुण मंडळी एक गणकयंत्र बांधावयास बसली होती. अशा यंत्रास आज आपण संगणक म्हणतो. त्या मंडळींपैकी बहुतेकांनी तो कधी पाहिलाही नव्हता! त्यांचे नेते होते रंगस्वामी नरसिंहन.

नरसिंहन यांचा जन्म १७ एप्रिल १९२६ रोजी मद्रास येथे झाला. अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेस गेले आणि गणितातील डॉक्टरेट घेऊन १९५४ साली या संस्थेत दाखल झाले. परदेशी यंत्र विकत आणण्याऐवजी ते येथेच घडवावयाचे ठरले होते. त्यांनी आधी लहानसा नमुना तयार केला, मग मोठ्या यंत्रास हात घातला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. १९६० साली ते चालू झाले व १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. तोवर अन्य देशांत नळ्यांची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. मग एवढे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. यंत्र लवकरच जुने झाले. पण ते घडविणारे हात आता शिकलेले होते.

पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात नरसिंहन यांच्यापुढे निराळाच प्रश्न आला. सूक्ष्म कणांच्या मार्गांची असंख्य छायाचित्रे यंत्राने कशी ओळखावीत? वाक्याला व्याकरण असते, तसे चित्रालाही असले पाहिजे, असा विचार त्यांनी केला. अक्षरांचे शब्द व शब्दांचे वाक्य होते, तशी बिंदूंची रेषा आणि रेषांची आकृती होते. ही रचना उलगडली, की चित्र वाचता येईल.

१९७५ साली स्थापन झालेल्या सी. एम. सी. या सरकारी संगणक कंपनीच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९७७ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

त्यांचे मन मात्र एका साध्या गोष्टीत गुंतले होते. देवळाली प्रवऱ्याच्या कोणत्याही घरात पाहा. दोन वर्षांचे मूल आईजवळ पाणी मागते, रुसते, ‘मी नाही’ म्हणते. त्याला व्याकरण कोणी शिकविले? आजची यंत्रे अफाट मजकूर पचवून वाक्ये जुळवितात. मुलाला घरातले थोडे बोलणे पुरते. हे कसे घडते, याचा शोध नरसिंहन यांनी मुलांच्या व आईबापांच्या संभाषणात घेतला. या विषयावर ते उतारवयातही लिहीत राहिले. १९९८ साली, बहात्तराव्या वर्षी, त्यांचा भाषाव्यवहारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. ३ सप्टेंबर २००७ रोजी ते निवर्तले.