मेंदूचा नकाशा काढणारा शल्यविशारद

मानवी मेंदूचा कोणता भाग कोणते कार्य करतो, हे जिवंत माणसांच्या मेंदूवर नोंदवून त्याचा तपशीलवार नकाशा तयार करणाऱ्यांत डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्या नकाशात काय उमटत नाही, याची जाणीव मात्र त्यांना सख्ख्या बहिणीच्या आजारपणाने करून दिली.

पेनफील्ड यांचा जन्म 26 जानेवारी 1891 रोजी अमेरिकेतील स्पोकेन येथे झाला. प्रिन्स्टननंतर ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तेथे चार्ल्स शेरिंग्टन यांच्या सहवासात मज्जासंस्थेच्या अभ्यासाची गोडी त्यांना लागली. 1928 मध्ये जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फोर्स्टर यांच्याकडे त्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रियेचे तंत्र आत्मसात केले आणि त्याच वर्षी कॅनडातील माँट्रियल ही आपली कर्मभूमी केली.

त्याच डिसेंबरात त्यांची बहीण रूथ उपचारासाठी तेथे आली. अनेक वर्षे तिला फेफरे येत असे. मेंदूच्या पुढच्या भागात मोठी गाठ निघाली. पेनफील्ड यांनी स्वतःच्या हातांनी तो भाग बराचसा काढला. तरी गाठ समूळ निघाली नाही. रूथ बरी होऊन घरी परतली. तिचे बोलणे, आठवणी, माणसांविषयीची माया सारे शाबूत होते. पुढे भाऊ तिच्या घरी गेला तेव्हा ती स्वयंपाकाला लागली. पण जेवणाची वेळ झाली तरी काही पदार्थ अर्धवट, काहींना हातही लागलेला नाही, अशा अवस्थेत ती गोंधळून उभी होती. कामांचा क्रम लावण्याची शक्ती हरपली होती. 1931 मध्ये तिचे निधन झाले.

रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने 1934 मध्ये पेनफील्ड यांनी माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. त्यामुळे केवळ टाळू बधिर करून रुग्णाला जागे ठेवता येई. विजेच्या सौम्य स्पर्शाने बोट हलले, ओठाला मुंग्या आल्या किंवा वाचा थांबली, की त्या जागी क्रमांकाची चिठ्ठी ठेवली जाई. रोगट भाग काढताना वाचा आणि हालचाल वाचवणे हा त्यामागचा मूळ हेतू होता. शंभराहून अधिक रुग्णांच्या अशा नोंदींतून एडविन बोल्ड्री यांच्यासह 1937 मध्ये त्यांनी मोठे ओठ, मोठे हात आणि खुजे धड असलेला प्रसिद्ध ‘होमन्क्युलस’ मांडला.

परंतु हा नकाशा अपस्मारग्रस्त मेंदूंवरून काढलेला होता आणि अनेकांच्या नोंदी एकाच चित्रात मिसळलेल्या होत्या. शिवाय विजेला उत्तर न देणारा भाग त्यात कोराच राहतो. रूथच्या मेंदूतून काढलेला भाग नेमका अशा मूक प्रदेशातला होता. कानशिलामागील भागाला विजेचा स्पर्श होताच काही रुग्णांना जुने प्रसंग, गाणी जिवंत होऊन भेटत. त्यावरून मेंदूत सारा भूतकाळ ध्वनिमुद्रिकेसारखा साठलेला असतो, असे पेनफील्ड यांना वाटू लागले. मात्र 1963 च्या त्यांच्याच अहवालानुसार त्या भागाची तपासणी झालेल्या 520 रुग्णांपैकी 40 जणांनाच असा अनुभव आला होता. पुढील संशोधकांनी त्यांचा निष्कर्ष मान्य केला नाही.

विजेने हात उचलला गेला, तरी तो आपण उचललेला नाही हे रुग्णाला कळत असे. निर्णय घ्यायला किंवा विश्वास ठेवायला लावणारी जागा त्यांना कधीच सापडली नाही. 1975 मध्ये ‘द मिस्टरी ऑफ द माइंड’ या ग्रंथात त्यांनी हे मोकळेपणाने मांडले. केवळ मेंदूच्या कार्यावरून मनाचा उलगडा होईल, असे त्यांना वाटत नव्हते. 5 एप्रिल 1976 रोजी माँट्रियल येथे त्यांचे निधन झाले.

2023 मध्ये एफएमआरआय तंत्राच्या साहाय्याने अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की हालचालींची ती पट्टी सलग नसून, संपूर्ण शरीराच्या हालचालींच्या नियोजनाशी जोडलेल्या भागांनी ती मधूनमधून खंडित झालेली आहे. आजही शल्यविशारद रुग्णाला जागे ठेवून पेनफील्ड यांच्याच रीतीने वाचेची जागा शोधतात. कारण छापील नकाशा कितीही सुबक असला, तरी समोरच्या रुग्णाचा मेंदू त्याच्याशी तंतोतंत जुळेलच, याची खात्री कोणालाही देता येत नाही.