चाकांवर गारवा आणणारा माणूस

भर उन्हाळ्यात विजेवर चालणाऱ्या मोटारीचा एसी गार हवा देईनासा झाला, की मालक पहिल्यांदा म्हणतो, गॅस संपला असेल. जाणता मेकॅनिक मात्र गॅस भरण्याआधी तीन गोष्टी पाहतो. पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर धूळ-चिखलाने बुजला आहे का? रस्त्यातल्या हादऱ्यांनी एखाद्या नळीचा सांधा सैल होऊन गॅस झिरपतो आहे का? आणि कॉम्प्रेसरला शक्ती नीट पोहोचते आहे का? गाडी नवी असली तरी दुखणी जुनीच आहेत. १९३८ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका कृष्णवर्णीय कारागिराने ट्रकवर शीतयंत्र चढवले, तेव्हा त्याची गाठ याच तिघांशी पडली होती. त्याचे नाव फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स.

जोन्सचा जन्म १८९३ चा, ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटीचा. लहानपणीच आईबाप दुरावले आणि एका कॅथलिक धर्मगुरूने त्याला सांभाळले. शाळा प्राथमिक इयत्तांपुढे गेली नाही. कोवळ्या वयातच तो एका गॅरेजमध्ये झाडलोट करायला लागला आणि काही वर्षांतच तिथला भरवशाचा मेकॅनिक झाला. १९१२ मध्ये तो मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक या छोट्या गावी आला. तिथल्या मोठ्या शेतावरची यंत्रे दुरुस्त करायची, रात्री पुस्तके वाचून वीजशास्त्र शिकायचे, असा त्याचा क्रम होता. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये सैन्याचा वीजतंत्री होता. परतल्यावर त्याने गावासाठी रेडिओ प्रक्षेपक बनवला आणि गावच्या डॉक्टरांसाठी उचलून नेता येईल असे क्ष-किरण यंत्रही. त्याचे पेटंट घ्यावे असे त्याला सुचलेच नाही. पुढे अशी यंत्रे इतरांनी बाजारात आणली, तेव्हा याला त्यातून एक छदामही मिळाला नाही.

हॅलॉकच्या चित्रपटगृहासाठी त्याने घरच्या घरी ध्वनियंत्रणा जुळवली. तिची कीर्ती ऐकून चित्रपटगृहांची सामग्री विकणाऱ्या जोसेफ न्यूमेरो या व्यापाऱ्याने त्याला मिनियापोलिसला नोकरीवर बोलावून घेतले.

मोटारीतल्या गारव्याचा विचार त्याच्या डोक्यात आला तो एका उकाड्याच्या रात्री, असे सांगतात. तो तळ्याकाठी गाडीत बसला होता. काच उघडावी तर डास, बंद ठेवावी तर घाम. त्याने गाडीसाठी शीतयंत्राचा आराखडा काढला, पण न्यूमेरोला तो खर्चाच्या मानाने परवडणारा वाटला नाही. पुढे न्यूमेरोच्या एका वाहतूकदार मित्राच्या ट्रकमधली कोंबड्यांची खेप वाटेतच सडली. त्या काळी नाशवंत माल बर्फ आणि मीठ घालून नेत. बर्फ वितळला, की माल गेला. न्यूमेरोने गप्पांच्या ओघात शीतयंत्राचा शब्द देऊन टाकला आणि तो पाळण्याची जबाबदारी जोन्सवर पडली.

घरातले शीतयंत्र एका जागी उभे असते, ट्रकवरच्या यंत्राला दिवसभर आपटे खावे लागतात. हादऱ्यांनी जोड निखळत आणि नळ्यांना तडे जात. जोन्सने मोटार शर्यतींच्या गाड्या स्वतः बांधल्या होत्या, चालवल्याही होत्या. त्यामुळे हादरा कुठे बसतो हे त्याला हाताने ठाऊक होते. त्याने यंत्राचे भाग कमी केले, बांधणी हलकी आणि घट्ट केली. पहिली यंत्रे ट्रकच्या पोटाखाली बसवली होती. तिथे रस्त्याचा चिखल उडून ती बुजू लागली, तेव्हा त्याने यंत्र उचलून मालाच्या डब्याच्या पुढच्या भिंतीवर, वरच्या बाजूला नेले. आजही शीतट्रकच्या कपाळावर ते तिथेच दिसते.

तिसरा प्रश्न शक्तीचा. ट्रकच्या इंजिनावर कॉम्प्रेसर अवलंबून ठेवला, तर ट्रक थांबला की गारवाही थांबणार. म्हणून त्याने शीतयंत्राला स्वतःचे छोटे इंजिन दिले आणि डब्यातले तापमान चढले, की ते आपोआप सुरू होईल अशी सोय केली. विजेच्या मोटारीत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. तिच्या कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते, म्हणून गाडी उभी असतानाही एसी चालतो. मात्र ही मोटर उच्च दाबाच्या विजेवर चालते. तिला वीजरोधक असे खास तेल लागते. साध्या गाडीचे तेल ओतले, तर विजेची गळती होऊ शकते आणि सुरक्षा यंत्रणा कॉम्प्रेसर बंद पाडते. शिवाय अनेक गाड्यांमध्ये तोच गॅस बॅटरीलाही थंड ठेवतो. त्यामुळे एसी बिघडला, की गाडी चार्ज व्हायला जास्त वेळ लागण्याची शक्यता असते. नारिंगी वेष्टनाच्या तारांना घरी हात लावू नये, तो यासाठीच.

दुसऱ्या महायुद्धात जोन्सच्या यंत्रांना वेगळेच महत्त्व आले. रणांगणाजवळच्या इस्पितळांना रक्त, औषधे आणि अन्न थंड ठेवणारी, कुठेही नेता येणारी यंत्रे हवी होती. ती त्याने दिली. रक्ताची पिशवी असो की लशीची कुपी, ठरलेल्या तापमानाबाहेर गेली, की ती निकामी होते. दूरच्या गावापर्यंत ती शाबूत पोहोचणे हा शीतवाहतुकीचाच भाग आहे. नाशिकची द्राक्षेही शीतकंटेनरमधूनच युरोपला जातात.

१९४४ मध्ये अमेरिकेतल्या शीतकरण अभियंत्यांच्या संस्थेने त्याला सदस्य करून घेतले. तो तिथला पहिला कृष्णवर्णीय सदस्य. १२ जुलै १९४९ ला त्याच्या वाहनांसाठीच्या वातानुकूलन यंत्रणेला पेटंट मिळाले. आयुष्यभरात त्याच्या नावावर साठाहून अधिक पेटंटे जमा झाली, त्यांतली बरीचशी शीतकरणाची. पदवी एकही नव्हती, तरी अभियंते त्याच्याकडे अडलेली यंत्रे घेऊन येत.

२१ फेब्रुवारी १९६१ ला फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्याला आणि न्यूमेरोला मिळाले ते १९९१ मध्ये. तोवर दोघेही हयात नव्हते. पदके त्यांच्या पत्नींनी स्वीकारली.