गंधाला स्पर्शाची जोड देणाऱ्या मार्गेरीत मोरी

गोव्याच्या किनारपट्टीवरील हॉटेलांत आणि शहरांतील सौंदर्यकेंद्रांत ‘अरोमाथेरपी’ हा शब्द आता कुणाला नवा राहिलेला नाही. मंद प्रकाश, लव्हेंडर किंवा चंदनाचा दरवळ आणि पाठीवरून संथपणे फिरणारे हात, असे तिचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. तेल लावून अंग चोळून घेण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी. दिवाळीतले अभ्यंगस्नान असो वा बाळंतिणीची मालिश, तेल आणि हात यांचे नाते येथे घरोघरी जपले गेले. आधुनिक युरोपात मात्र सुगंधी तेल आणि मर्दन यांची सांगड घालून त्यातून एक शिस्तबद्ध पद्धत उभी करण्याचे श्रेय प्रामुख्याने एका परिचारिकेकडे जाते. तिचे नाव मार्गेरीत मोरी.

मार्गेरीत यांचा जन्म १८९५ साली ऑस्ट्रियात झाला. माहेरचे आडनाव कोनिग. वडील व्यावसायिक होते आणि कलेची आवड असणारे होते. व्हिएन्नाच्या सुखवस्तू वातावरणात वाढलेल्या या मुलीचे लग्न फार लवकर झाले आणि कोवळ्या वयातच ती आई झाली. तिचा मुलगा जेमतेम दोन वर्षांचा असताना मेंदूज्वराने दगावला. पुढे पहिल्या महायुद्धात पती रणांगणावर मारले गेले. आर्थिक हानीने खचलेल्या वडिलांनी आत्महत्या केली. विशीच्या आसपासच्या त्या तरुणीचे सारे जग अवघ्या काही वर्षांत कोसळले.

या आघातांनंतर तिने परिचारिकेचे आणि शस्त्रक्रियेतील साहाय्यकाचे शिक्षण घेतले. व्हिएन्ना सोडून ती फ्रान्समधील आल्सास प्रांतात आली आणि एका शल्यविशारदाची साहाय्यक म्हणून काम करू लागली. याच काळात सुगंधी द्रव्यांच्या औषधी उपयोगांवरील एक जुना फ्रेंच ग्रंथ तिच्या हाती पडला आणि पुढील आयुष्याची दिशा ठरली.

सुगंधी तेलांच्या अभ्यासाला त्या काळी फ्रान्समध्ये पोषक हवा होती. ल्योन शहरातील रने-मोरिस गातफोसे हे रसायनतज्ज्ञ सुगंधद्रव्यांच्या कौटुंबिक व्यवसायात होते. १९१० साली त्यांच्या प्रयोगशाळेत स्फोट झाला आणि ते भाजले. जळता हात त्यांनी शेजारच्या लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला, अशी कथा आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांनी गवतावर लोळून आग विझवली होती. नंतर हातांच्या जखमा चिघळून कुजू लागल्या, तेव्हा त्या लव्हेंडरच्या अर्काने धुतल्या आणि संसर्ग आटोक्यात आला. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ केला. तथापि, गातफोसे यांचे लक्ष मुख्यतः तेलांच्या रासायनिक घटकांवर आणि जंतुनाशक गुणांवर होते. त्यांच्यानंतर डॉ. जाँ वालने यांनी हीच तेले रुग्णांना औषधाप्रमाणे पोटात देण्याचा मार्ग पुढे नेला.

मार्गेरीत यांची वाट निराळी होती. १९३०च्या दशकात त्यांनी डॉ. मोरी यांच्याशी विवाह केला. होमिओपॅथी आणि अ‍ॅक्युपंक्चर यांत रस असणाऱ्या या डॉक्टरांबरोबर त्यांचे सहजीवन आणि सहकार्य दोन्ही बहरले. मार्गेरीत स्वतः डॉक्टर नव्हत्या. पोटात औषध देणे हे त्यांचे क्षेत्र नव्हते. त्यामुळे तेल त्वचेवाटे आणि श्वासावाटे कसे पोहोचवावे, याचा विचार त्यांनी केला. चीन, भारत आणि तिबेट येथील वैद्यकपरंपरांचे त्यांना विशेष आकर्षण होते. तीव्र सुगंधी तेल वनस्पती तेलात अल्प प्रमाणात मिसळून ते चेहऱ्यावर आणि विशेषतः पाठीच्या कण्यालगत हलक्या हाताने जिरवायचे, अशी पद्धत त्यांनी घडवली. कण्याच्या दोन्ही बाजूंनी मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. शरीराला शांत करायचे तर येथूनच आरंभ करावा, हे त्यामागचे सूत्र होते.

त्यांच्या पद्धतीचा गाभा होता व्यक्तिनिष्ठ मिश्रण. समोर आलेल्या व्यक्तीची शरीरयष्टी, स्वभाव, झोप, भूक आणि मनाची स्थिती जाणून घेतल्यावरच त्या तेलांची निवड करीत. उपचारांदरम्यान माणूस बदलला की मिश्रणही बदलत असे. एकच तेल सर्वांना, हे त्यांना मान्य नव्हते.

त्यांच्याकडे येणाऱ्या अनेक जणी त्वचा सुधारावी, चेहरा टवटवीत दिसावा म्हणून येत. काही दिवसांनी त्या वेगळेच अनुभव सांगू लागत : झोप गाढ लागते, सांध्यांचे दुखणे कमी झाले, चिडचिड थांबली, मन हलके झाले. सौंदर्योपचार म्हणून सुरू झालेल्या कामाचा खरा परिणाम मज्जासंस्थेवर होत असल्याची त्यांची धारणा या अनुभवांतून पक्की झाली.

पॅरिसबरोबरच स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्येही त्यांनी उपचारकेंद्रे चालवली, व्याख्याने दिली, शिष्या घडवल्या. १९६१ साली त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९६४ साली त्याचे इंग्रजी रूप आले. १९६२ आणि १९६७ साली सौंदर्यशास्त्रातील संशोधनाबद्दल त्यांना आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाले. १९६८ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्या कार्यमग्न होत्या.

मोरी यांनी अनुभवातून जे मांडले, त्यातील काही भागाला पुढील विज्ञानाने आधार दिला आहे. गंधाची जाणीव नाकातून थेट मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत जाते. म्हणूनच एखादा वास क्षणात मन बदलतो. गंध ओळखणाऱ्या ग्राहींच्या शोधासाठी रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेत संथ, मृदू स्पर्शालाच विशेष प्रतिसाद देणारे तंतू असतात, हेही आता ज्ञात आहे; हात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या गतीने फिरला, की ते सर्वाधिक जागे होतात. अशा स्पर्शाने श्वास आणि हृदयाची गती मंदावते, शरीर विश्रांतीच्या अवस्थेकडे वळते.

तरीही मोरी यांचे सर्वच दावे कसोटीला उतरलेले नाहीत. तारुण्य टिकवण्याविषयी त्यांनी बाळगलेल्या अपेक्षांना भक्कम पुरावा मिळालेला नाही. चिंता आणि अस्वस्थता काही काळ कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले. पण त्यात तेलाचा वाटा किती आणि स्पर्शाचा किती, हे वेगळे काढणे अवघड ठरले आहे. सुगंधी तेल नैसर्गिक असले तरी निरुपद्रवी नसते. ते पातळ न करता त्वचेवर लावल्यास दाह होऊ शकतो, आणि कापरासारखे द्रव्य पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. गंभीर आजारात ही पद्धत औषधाची जागा घेऊ शकत नाही.

मोरी यांच्यानंतर मिशलीन आर्सिए आणि दानिएल रिमाँ या शिष्यांनी लंडनमध्ये त्यांचे काम पुढे नेले. ब्रिटनमध्ये अरोमाथेरपी मुख्यतः मसाजच्या रूपाने रुजली, ती याच परंपरेमुळे. पुढे ती तेथील रुग्णालयांत आणि मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रांतही पोहोचली. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णाच्या हातापायांवर तेथे पातळ केलेले तेल हलकेच चोळले जाते. आजार हटवण्याचा दावा कुणी करीत नाही. वेदनेत थोडा विसावा मिळावा, रात्री डोळा लागावा, एवढीच अपेक्षा असते. औषधांनी मुलाला वाचवू न शकलेल्या एका आईने परिचारिका होऊन ज्या कामाची मांडणी केली, ते काम आज अशा खाटांजवळ चालू आहे.