अडीच घरांचा राजा : सुलतान खान

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील बुद्धिबळ स्पर्धेत गेली काही वर्षे मी पंचाचे काम पाहतो. डाव सुरू असताना एखादे पालक हळूच जवळ येऊन विचारतात, "भाऊ, मुलाला चॅम्पियन करायचे तर काय लागते हो?" मी काही मोठा खेळाडू नाही. सरकारी नोकरीत फायली हलवता हलवता डाव मांडणारा माणूस. पण असा प्रश्न आला की मला सुलतान खान आठवतो.

१९०३ च्या सुमारास पंजाबातील मिठा टिवाणा या गावी त्याचा जन्म झाला. नवव्या वर्षी वडिलांनी त्याला बुद्धिबळ शिकवले, तेही देशी पद्धतीचे. आपल्यातील जुन्या मंडळींना ही पद्धत आठवत असेल. प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चालणार आणि राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. हा डाव सावकाश रंगतो, घाई करणाऱ्याचे त्यात काही चालत नाही. एकविसाव्या वर्षी सुलतान पंजाबातला अव्वल खेळाडू झाला होता.

सर उमर हयात खान टिवाणा या बड्या जमीनदाराने त्याला पदरी ठेवून घेतले आणि विलायती नियम शिकवले. १९२८ मध्ये सुलतानने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली. आठ डाव जिंकले, एक बरोबरीत, हार एकही नाही. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये तो सर उमर यांच्याबरोबर लंडनला पोचला.

तेथे सरावाच्या स्पर्धेत गडी शेवटच्या क्रमांकावर! विलायती खेळाडूंना सुरुवातीच्या चाली पाठ, याला त्या ठाऊकच नव्हत्या. विंटर आणि येट्स या दोघा खेळाडूंनी त्याची थोडी तयारी करून घेतली आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला त्याने ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३३ साली महिलांचे अजिंक्यपद मिळवणारी मिस फातिमा हीदेखील सर उमर यांच्याच घरातली होती.

मला विशेष वाटते ते १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेचे. समोर माजी विश्वविजेता कापाब्लांका, ज्याला हरवणे म्हणजे त्या काळी नवलच. सुलतानने पांढरी मोहरी घेऊन हळूहळू त्याचा पट आवळत नेला आणि ६५ व्या चालीला डाव संपवला. सुरुवातीला कच्चा असलेला हा माणूस मधला डाव आणि शेवटचा डाव मात्र पक्का खेळायचा. चेहऱ्यावर काही दिसायचे नाही. आमच्या स्पर्धेत मुले घोडा गेला की रडवेली होतात. हा पडत्या बाजूनेही तासन्‌तास बसून राहायचा. १९३१ मध्ये तार्ताकोवरला त्याने सामन्यात हरवले. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये ब्रिटनच्या पहिल्या पटावर खेळताना रुबिनस्टाइनवर मात केली आणि विश्वविजेत्या अलेखाइनशी बरोबरी साधली.

हे सारे दुखणी अंगावर काढून. हिवतापाने आणि घशाच्या विकाराने तो हैराण असायचा, कित्येकदा गळ्याला पट्टी बांधून खेळायला बसायचा. तिथली थंडी त्याला मानवली नाही.

त्याच्याबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. तो निरक्षर होता, मालकाच्या घरी पाहुण्यांना जेवण वाढायचा, असे अमेरिकन खेळाडू रूबेन फाइनसारख्यांच्या लेखनातून पसरले. अलीकडे त्याच्या नातीने यातले बरेच खोडून काढले आहे. मला तिचे म्हणणे पटते. पण परदेशी राहणे, खेळणे आणि परत येणे हे सर उमर यांच्या मुक्कामावर अवलंबून होते, एवढे खरे. १९३३ च्या डिसेंबरात ते परतले, तसा तोही परतला. युरोपातील कारकीर्द अवघी साडेचार वर्षांची!

१९३५ मध्ये त्याचा सामना व्ही. के. खाडिलकरांशी झाला. रोहिणी खाडिलकर आपल्या सर्वांना माहीत आहेत, हे खाडिलकर त्यांच्या पुष्कळ आधीचे. दहा डावांत त्यांना एकच बरोबरी मिळाली. त्यानंतर सुलतान मोठ्या स्पर्धांतून दिसला नाही. १९५० मध्ये जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर हे किताब पहिल्यांदा दिले, तेव्हा त्याचे नाव यादीत नव्हते.

फाळणीनंतर त्याचा मुलूख पाकिस्तानात गेला. तेथे तो शेती बघत राहिला आणि १९६६ मध्ये सरगोधा येथे क्षयाने वारला. २०२४ च्या फेब्रुवारीत संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले, मरणानंतर सत्तावन्न वर्षे उलटून गेल्यावर.

त्याच्या थोरल्या मुलाने एक आठवण सांगितली आहे. वडिलांनी आम्हा भावंडांना बुद्धिबळ शिकवले नाही, याहून काही उपयोगाचे करा म्हणाले. पालकांना सुलतानची गोष्ट सांगताना ही आठवण मी बहुतेक वेळा गाळतो. यंदा मात्र एका मुलाच्या आईने नेमके हेच विचारले, की त्याची मुले पुढे खेळली का. मग सांगावे लागले.